ढावल्याच्या चालीवर

सकाळचा उजेड दवाखान्याच्या पडवीत एकदम येत नसे. समोरच्या टेकडीवरच्या सागांचे शेंडे आधी पिवळे होत. मग बराच वेळ काहीच घडत नसे, जणू तेवढ्यावरच दिवसाचे समाधान झाले आहे. त्यानंतर तो उजेड उताराने खाली येई — कपाशीच्या फुटलेल्या बोंडांवरून, धुऱ्यावरच्या बोरीच्या झुडपांवरून, तारेच्या कुंपणावर वाळत घातलेल्या बँडेजच्या पट्ट्यांवरून — आणि पडवीच्या पायरीशी येऊन अडखळे. पायरी उंच होती. ती चढायला त्याला पाव तास लागे. चढल्यावर मात्र तो सारवलेल्या जमिनीवर हळूहळू लांब होत जाई. सारवणातल्या बोटांच्या कमानी एकेक करून दिसू लागत. छपराच्या कवेलूंच्या फटींतून पडलेले दोन-तीन गोल ठिपके भिंतीवर थरथरत आणि मग स्थिर होत. त्यात सुंदर असे काही नव्हते. जिल्ह्यातल्या कुठल्याही पडवीत असाच उजेड येतो. पण अंगात ताप असलेला माणूस बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहत असला, की त्याला पाहण्यासारखे दुसरे काही नसते, आणि तो पाहत राहतो.

निळकंठ गुरुजी तसाच पाहत बसला होता. वय चोवीस, घर बाभुळगावला, कपाशीची वडिलार्जित शेती, आणि नेमणूक मात्र झरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या या आडगावी, एकशिक्षकी शाळेत. महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झाले होते. निळकंठला येथे येऊन चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत शाळेतल्या मुलांखेरीज कोणाशी तो दहा वाक्यांच्या वर बोलला नव्हता. तो कविता लिहीत असे. त्या कोणाला दाखवत नसे. कुठलाही शब्द कानावर पडला, की अंगठ्याने बोटांच्या पेरांवर त्याच्या मात्रा मोजायच्या, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

आतल्या दाराशी एक मुलगी उकिडवी बसून बाटल्यांत तांबडे औषध भरत होती. अंगावर बंजारा तांड्यातला पोशाख — आरसे जडवलेली कांचळी, फेटिया म्हणतात तो घेरदार घागरा — आणि त्यावरून दवाखान्याचा पांढरा, तिच्या मापाचा नसलेला अंगरखा. भरता भरता ती पुटपुटत होती. तेमेर... तेमो... तेमेस... निळकंठला आधी वाटले, ही यांची गोरबोली असावी. मग वाटले, नसावी. तापाच्या गुंगीत त्याचा अंगठा आपोआप पेरांवरून फिरू लागला.

"गुरुजी, बोटं काहून मोजून राह्यले?" तिने मान वर न करता विचारले. "तापाचे दिवस मोजता का?"

तो इतका दचकला, की पाळी नसतानाच उठून उभा राहिला. मग बसला. "नाही... शब्दाच्या मात्रा."

"कोनत्या शब्दाच्या?"

"तू आत्ता म्हणालीस, त्याच्या. पण... वजन चुकते आहे. तू प्रत्येक वेळी वेगळ्या अक्षरावर जोर देतेस."

तिने बाटली खाली ठेवली आणि प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. "शिष्टर बी हेच म्हनते," ती म्हणाली. "पन ते रागावून म्हनते. तुम्ही घाबरून म्हनून राह्यले."

ती हसली. कांचळीवरच्या आरशांनी उजेडाचे दहा-बारा तुकडे त्याच्या सदऱ्यावर फेकले. निळकंठने ते झटकायला हात वर केला, आणि आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन तसाच खाली घेतला. त्या दिवसापासून त्याचा ताप उतरला. पण तो सुखी कधी झाला नाही.

मुलीचे नाव गंगी. पलीकडच्या तांड्याचे नायक हरिसिंग आणि बिजलीबाई यांची ती धाकटी लेक. दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर इनेस स्पेनच्या होत्या. त्यांच्या पंथाची तिकडे एका शहरात परिचारिकांची शाळा होती. दरवर्षी हिंदुस्थानातून एक मुलगी तीन वर्षांसाठी तेथे जाई. धर्माला हात लागणार नाही, हे सिस्टरनी हरिसिंगांना तांड्यात जाऊन, सर्वांसमोर सांगितले होते. मात्र जाण्यापूर्वी एक परीक्षा होती. फाल्गुनात नागपूरहून पंथाच्या मोठ्या मदर येणार. साठ स्पॅनिश क्रियापदांची यादी पुढे ठेवणार. मुलीने प्रत्येक क्रियापदाची अक्षरे तोडून दाखवायची आणि आघात कोणत्या अक्षरावर येतो ते सांगायचे.

एवढा हट्ट कशासाठी, असे निळकंठने भीतभीत विचारले, तेव्हा सिस्टरनी आपल्या मोडक्या मराठीत समजावले. तोमो — पहिल्या अक्षरावर जोर — म्हणजे मी घेतो. तोमोऽ — शेवटच्यावर जोर — म्हणजे त्याने घेतले. रोगी काय म्हणाला हे नर्सला कळले नाही, तर औषध दोनदा जाते, किंवा एकदाही जात नाही.

सिस्टरना शिकवायला वेळ नव्हता. रोज साठ-सत्तर रोगी येत. हा मास्तर अक्षरे मोजतो आणि त्याला इंग्रजी लिपी वाचता येते, एवढे त्यांना पुरले. दोन संध्याकाळी त्यांनी त्याला नियम सांगितले. शब्दाच्या शेवटी स्वर असेल, किंवा न वा स असेल, तर आघात उपांत्य अक्षरावर. नाही तर अंत्य अक्षरावर. जेथे हे मोडते तेथे माथ्यावर खूण. निळकंठला ते जन्मापासून ठाऊक असल्यासारखे वाटले. त्याच्या वृत्तांहून हे सोपे होते, आणि या भाषेत अपवादसुद्धा स्वतःवर खूण करून येत.

शाळा सुटल्यावर तासभर, उन्हे असेपर्यंत, शाळेच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. यादीतली पहिली तीन क्रियापदे तिकडच्या शाळांत म्हणे सर्वांनाच प्रथम शिकवतात. आमार, तेमेर, पार्तिर. प्रेम करणे, भिणे, निघून जाणे.

निळकंठने पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि उचलले. "हे... सोपे आहे. हे नंतर घेऊ."

"सोपं असन त पयले घेते नं लोक."

"दुसऱ्यापासून सुरू करू."

"म्हनजे भ्यायपासून?"

"हो."

"बरं," गंगी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "तुमच्यापासून सुरू करू."

आघात ही गोष्ट तिला महिनाभर समजली नाही. अक्षरे ती झरझर तोडी — ते-मेर, ते-मे-मोस, एस्-पे-रार — पण जोर कुठे द्यायचा, हे तिच्या लेखी ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. निळकंठने फळ्यावर उभ्या रेघा ओढल्या, लघु-गुरूच्या खुणा केल्या, टाळ्या वाजवल्या. शेवटी एका दुपारी तिनेच विचारले, याले तुम्ही वझं म्हनता ना? आणि मग तीच त्याला शिकवू लागली. तिच्या आजाने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पायी पालथा घातला होता. गोणी बैलाच्या पाठीवर कुठे ठेवायची, हे गोणी पाहून ठरत नाही, असे आजा सांगे. बैल कसा चालतो आणि वाट चढती आहे की उतरती, हे पाहून ठरते. चुकीच्या जागी ठेवली तर बैल चालतो, पण दोन कोसांत पाठ सोलून निघते. "तसंच आहे हे," ती म्हणाली. "शब्द बसत नाही खाली, पन त्याची पाठ सोलते."

दुसऱ्या दिवशी तिने आईच्या जुन्या झुलीवरच्या ओंजळभर कवड्या आणल्या. एका अक्षराला एक कवडी. जोर नसलेल्या अक्षराची पालथी, जोराच्या अक्षराची तोंड वर. ओट्याच्या काळ्या फरशीवर पांढऱ्या कवड्यांच्या रांगा लागू लागल्या, आणि गंगीची बोटे त्यांवरून अशी फिरू लागली, की निळकंठला फळ्याची गरज उरली नाही. पाहण्यासारखे मात्र पुष्कळ उरले — तिच्या मनगटावरच्या पांढऱ्या बांगड्या, विचार करताना ओठांत धरलेली ओढणीची कड, कानांतल्या चांदीच्या साखळ्यांची हलकी किणकिण. तो पाही, आणि तिने पाहिले की कवड्यांकडे पाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिने एकाखाली एक रांगा लावून काहीतरी शोधून काढले. मी, तू, तो — यांत जोर पहिल्या अक्षरावरच बसतो. तेमो, तेमेस, तेमे. पण आम्ही म्हटले, की तो तिथून उठतो आणि पुढच्या अक्षरावर जातो. ते-मे-मोस.

"असं काहून गुरुजी?"

"तसा नियमच आहे."

"नियम नका सांगू. काहून ते सांगा."

 कवड्यांवरून एक मुंगी चालली होती. ती शेवटच्या कवडीपर्यंत पोचेस्तोवर निळकंठने वाट पाहिली. "तू सांग," तो म्हणाला.

"एकट्यानं उचललं त सारं वझं आपल्याच पाठीवर," गंगी म्हणाली. "दोघं झाले का थोडं दुसऱ्याकडं सरकते." आणि तिने तोंड वर केलेली कवडी उचलून, काही न बोलता, त्याच्या गुडघ्याजवळ नेऊन ठेवली.

त्या कवडीला त्याने हात लावला नाही. तास संपल्याचे त्याने सांगितले. रात्री वहीत त्याने तिच्यावर एक कविता लिहिली, निर्दोष वृत्तात. आणि वही पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले, जणू कविता उठून तांड्यात चालत जाणार होती.

संक्रांतीला तो बाभुळगावला गेला. गंगीविषयी घरी सांगायचे एक वाक्य त्याने जुळवून नेले होते. पहिल्या दिवशी वडील, मारोतराव, जिनिंगमध्ये कापूस घालून थकून आले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी आई, वच्छलाबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, की यंदा तुझं उरकून टाकू, दोन ठिकाणं पाहून ठेवली आहेत. मग तिने विचारले, तिकडे तुझ्या खाण्यापिण्याचं कोण पाहते? निळकंठने सांगितले, मीच करतो. जुळवलेले वाक्य त्याच्या जिभेवर होते आणि भाकरी तव्यावर फुगत होती. भाकरी उतरली. वाक्य तसेच राहिले. परतताना एस.टी.च्या खिडकीशी बसून त्याने स्वतःला समजावले, की गंगीला पुढे जायचे आहे, तिच्या वाटेत उभे राहणारे आपण कोण. हा विचार त्याला फार उदात्त वाटला. त्या उदात्तपणाच्या आडोशाला तो पुढे कित्येक वर्षे बसून राहणार होता.

परतल्यावर त्याला ती चाल ऐकू आली.

साठ क्रियापदे पाठ राहत नाहीत म्हणून गंगीने त्यांना चाल लावली होती. पाण्याला जाताना, बाटल्या धुताना, गोवऱ्या थापताना ती म्हणे. संथ, लांबत जाणारी चाल. प्रत्येक क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर आवाज चढे, थांबे आणि तुटे. कांताऽर. एस्पेराऽर. पार्तिऽर. निळकंठने डोळे मिटून मात्रा मोजल्या. आघात एकही चुकत नव्हता.

"ही चाल कुठली?" त्याने विचारले.

"तांड्यातली आहे."

"फार उत्तम बसली आहे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. ओढणीची कड ओठांतून सुटली. "तुम्हाले त्याच्याइषयी आणखी काही इचारायचं नाही?"

"नाही... अंत्याघाताला ती अगदी योग्य आहे," तो म्हणाला.

तांड्यातल्या कोणालाही विचारले असते, तर कळले असते. ती ढावल्याची चाल होती. लग्न ठरलेली मुलगी घर सोडताना आईच्या, बहिणींच्या, मैतरणींच्या गळ्यात पडून जे रडगाणे म्हणते, तो ढावलो. तो आपोआप येत नाही. लग्नाआधी काही आठवडे तांड्यातली जाणती बाई नवरीला तो शिकवते. ज्या मुलीचे लग्न ठरलेले नाही, ती त्या चालीवर चिमण्यासुद्धा हाकलत नाही.

या तांड्यात तो शिकवण्याचा मान सुखीबाईचा होता. तीस वर्षांत एकही नवरी तिच्याकडून रडायला शिकल्यावाचून सासरी गेली नव्हती. माघातल्या एका सकाळी तिने नाल्यावर गंगीचा आवाज ऐकला. चाल ओळखीची, शब्द मात्र एकही ओळखीचा नाही. सुखीबाईने त्याचा एकच अर्थ लावला: नायकाने पोरीला परमुलखात, भलत्याच बोलीच्या घरी दिली, गुपचूप दिली, आणि ढावलो शिकवायला तिकडचीच कोणी बाई ठेवली. ती भरल्या तांड्यातून तावातावाने हरिसिंगांच्या दारात गेली आणि म्हणाली, की नायका, तुझ्या बहिणीला रडायला मी शिकवलं, तुझ्या दोन्ही मोठ्या पोरींना मी शिकवलं, आता या तिसरीसाठी काय माझं रडणं आटलं? बिजलीबाईला वाटले, नवऱ्याने तिला न सांगता सोयरीक केली. हरिसिंगांना वाटले, बायकोने. दुपारपर्यंत सुखीबाई धरून तिघेही एकमेकांवर रुसले होते. गंगीला विचारले, तर ती कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरण्याच्या आधी, हरिसिंग नायक निळकंठकडे आले.

उंच माणूस, तांबडा फेटा, मिशा पांढऱ्या. काखेत फडक्याचे एक गाठोडे होते, त्याच्या एका सुटलेल्या कोपऱ्यातून गुळाची ढेप दिसत होती. निळकंठला तिचा अर्थ कळत होता. पंचांनी मिळून गूळ खाल्ला, की तांड्यात सोयरीक पक्की होते. मग दोन्ही बाजूंनी मागे फिरायचे नसते. गूळ खाण्याच्या दिवशी त्याच्या शाळेची निम्मी पटसंख्या गैरहजर असे.

नायकांनी गाठोडे ओट्यावर ठेवले आणि शेजारी बसले. सुखीबाईचे भांडण त्यांनी हसत सांगितले. मग हसणे थांबले.

"पोरीले इचारलं, कोनासाठी ढावलो म्हनून राह्यली. बोल्ली नाही. तिसऱ्या खेपेले इचारलं त म्हने, गुरुजीले इचारा." त्यांनी गाठोड्याचा सुटलेला कोपरा आत खोचला. "म्हनून आलो. तुम्ही कुनबी, आम्ही लमान. तुमच्या घरी काय होईन ते मले समजते. आमच्याकडचं मी पाहून घेईन, नायक हाओ मी. मंगळवारी मोठ्या बाई येऊन राह्यल्या. पोरगी पास झाली का गेली. मंग मी तिले थांबवनार नाही. त्याच्या आधी सांगा. तुमच्या मनात काही आहे का?"

कोणी इतक्या सरळपणे निळकंठला आयुष्यात काही विचारले नव्हते. शाळेच्या मागे कोणाची तरी बैलगाडी चालली होती. तिचे एक चाक कुरकुरत होते. बाभुळगावचा तवा, आईचा हात, चार गल्ल्यांतली माणसे, हे सर्व त्या कुरकुरण्याच्या एका फेऱ्यात त्याच्यासमोरून गेले. त्याला वाटले, आपण बोलतो आहोत. प्रत्यक्षात तो खडू शोधत होता.

"नायक, तो ढावलो नाही," तो म्हणाला. "ती स्पॅनिश क्रियापदे आहेत."

आणि त्याने फळ्यावर तीन उभ्या रेघा ओढल्या. त्याने समजावले, की शब्दाची अक्षरे अशी तुटतात. शेवटी र आला, की आघात अंत्य अक्षरावर जातो. ढावल्यातही आवाज शेवटच्या अक्षरावर तुटतो, म्हणून पाठांतराच्या सोयीसाठी मुलीने ती चाल घेतली असावी. त्याहून अधिक त्यात काही नाही. तो फार चांगले बोलला. इतके सुसंगत तो त्यानंतर कधी बोलला नाही. डॉक्टर दुखण्याचे नाव सांगत असताना घरचा माणूस जसे ऐकतो, तसे नायकांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हनजे, काही नाही?"

"नाही," निळकंठ म्हणाला. "फक्त क्रियापदे."

नायक थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिले. त्यांना वाचता येत नव्हते. "चांगलं शिकोता," ते म्हणाले. गाठोडे काखेत घेतले आणि शेतातल्या पायवाटेने, घाई न करता, निघून गेले.

मंगळवारी मदर आल्या. दवाखान्याच्या पडवीत टेबल मांडले होते. निळकंठ भिंतीशी उभा राहिला. गंगी कवड्या न घेता आली. तांड्यातला पोशाख नव्हता, पांढरे पातळ होते. मदरनी यादी तिच्यासमोर ठेवली आणि कुठूनही सुरू कर म्हणाल्या. तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आ-मार. आ-मो. आ-मास. आ-मा-मोस. हे त्याने तिला कधीच शिकवले नव्हते. तिने ते स्वतःचे स्वतः करून ठेवले होते, सगळ्या काळांत, सगळ्या पुरुषांत. चाल नव्हती. आवाज सपाट होता, आणि प्रत्येक आघात अगदी जागच्या जागी. साठ क्रियापदे संपली तेव्हा मदरनी टाळ्या वाजवल्या, आणि सिस्टर इनेसनी निळकंठचा हात हातात घेऊन त्याचे आभार मानले. आपल्याला आनंद होत आहे, असे तो पुष्कळ वेळ मानत राहिला.

चैत्रात ती गेली. पांढरकवड्याला नेणाऱ्या एस.टी.साठी सडकेवर अर्धा तांडा जमला होता. बिजलीबाई मोठ्याने रडत होती. सुखीबाईला काही केल्या पटत नव्हते, की घर सोडणारी मुलगी न रडता कशी जाते. तिने गंगीची हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला, पाहिला, आणि म्हणाली, हिचं रडून झालं आहे.

निळकंठ थोडा दूर, पळसाखाली उभा होता. फुले गळून गेली होती. गंगी चालत त्याच्याकडे आली. हातात पत्र्याची नवी पेटी होती, ती तिने दोघांच्या मध्ये खाली ठेवली.

"बापू शाळेत आलते," ती म्हणाली.

"हो."

"काय सांगतलं तुम्ही?"

"खरे तेच सांगितले..." तो म्हणाला. "की तो ढावलो नव्हता."

तिने मान खाली घातली. पेटीच्या कडीशी तिची बोटे काही क्षण चाळा करत राहिली — पालथी, उताणी, पालथी. मग ती म्हणाली, "तुम्ही शिकवनारे. तुम्ही म्हनता त नसन."

दूर धुरळा दिसू लागला होता. तिने पेटी उचलली. निळकंठने हात पुढे केला, पेटी घ्यायला की कशाला, हे त्याचे त्यालाच ठरवता आले नाही. आणि तोवर तिने ती दुसऱ्या हातात घेतली होती.

पुढच्या वर्षी वच्छलाबाईने पाहिलेल्या दोन ठिकाणांपैकी एक पक्के झाले. निळकंठचे लीलाबाईशी लग्न झाले. ती चांगली बाई होती. त्याला अबोला आवडतो असे समजून तीही कमी बोलू लागली. चार वर्षांनी त्याची बदली यवतमाळजवळ लोहाऱ्याला झाली. शाळेतल्या इतर मास्तरांत बसला असता तो कधी कधी सांगे, की एका मुलीला मी स्पॅनिश शिकवले आहे. कोणी अधिक विचारले, तर तो खिडकीबाहेर पाहून म्हणे, जात आडवी आली. एकट्याने विचार करताना तो हेच वेगळ्या तऱ्हेने मांडी: तिच्या भल्यासाठी मी तिला जाऊ दिले. कधी असे, की तिने जायचे ठरवलेच होते, मला कोणी काही विचारलेच नाही. या प्रत्येक मांडणीत दुःख होते, मोठेपणा होता, काव्य होते. त्या सकाळचा उल्लेख मात्र एकीतही नव्हता. ती आठवलीच, तर एवढीच आठवे, की एकदा तांड्याचे नायक एका गाण्याची चौकशी करायला शाळेत आले होते.

एकोणीसशे अडुसष्टच्या थंडीत लोहाऱ्याच्या थांब्यावर, चहाच्या टपरीच्या बाकावर, त्याला हरिसिंग नायक भेटले. यवतमाळला मोतीबिंदू काढून ते येथे नातेवाइकाकडे उतरले होते, आणि तपासणीला निघाले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. आवाजावरून त्यांनी त्याला ओळखले आणि जागा करून दिली. निळकंठने दोन चहा सांगितले. बऱ्याच वेळाने त्याने तिच्याबद्दल विचारले.

ती तिकडेच राहिली, नायक म्हणाले. मोठ्या दवाखान्यात मोठी नर्स आहे. तिथल्याच एका कंपाउंडराशी लग्न केले. वर्ष झाले, मुलगी झाली. दिवाळीच्या सुमाराला पत्र येते, मराठीत. सुखीबाई वारली, तेव्हा तिने फार मोठे पत्र लिहिले होते. बोलताना नायकांच्या आवाजात राग नव्हता. तो असता, तर निळकंठला बरे वाटले असते.

चहाचा ग्लास हातात गार होत होता. निळकंठला एकदम भरून आले, आणि इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झालेले वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडले.

"नायक, त्या वेळी तिच्या मनातले मला कोणी सांगितले असते... मला कोणी एकदा विचारले असते, तर —"

हरिसिंग नायकांनी आपला उघडा डोळा त्याच्याकडे वळवला. त्यात नवलाखेरीज काही नव्हते.

"गुरुजी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी आलतो नं."

यवतमाळची एस.टी. आली. कंडक्टरने नायकांना हाताला धरून वर घेतले. निळकंठ बाकावरच बसून राहिला. टपरीवाल्याने दोन्ही ग्लास उचलून नेले तरी त्याला कळले नाही.

त्याला विचारले होते. आणि तो नाही म्हणाला होता.